मशीन वाढवायचं कुणी?

संध्याकाळी साडेपाचला शिपाईमामा लॅबच्या दारात येत, उजवा हात मेन स्विचच्या पेटीवर ठेवत आणि विचारत, "काय रे, वाढवलीत का मशिनं?"

आमच्याकडची जुनी माणसं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. नारळ वाढवतात, फुटलेली बांगडीसुद्धा वाढवली म्हणतात. मामांच्या लेखी कॉम्प्युटरही त्यातलाच, सकाळी लावायचा आणि संध्याकाळी वाढवायचा. पंचाईत अशी होती की त्या खोलीतली बारा मशिनं वाढवायचा अधिकार खोलीतल्या कुणालाच नव्हता. तो मी माझ्याकडे ठेवला होता, आणि मी आठवड्यातले सहा दिवस पुण्यात असायचो.

शाळा माझीच, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. २००७ सालची गोष्ट. पुण्यात मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करत होतो. दुसऱ्या एका कंपनीने मोडीत काढलेले बारा पेन्टियम थ्री शाळेला मिळाले. त्यात १२८ एमबी मेमरी होती आणि पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. विंडोजच्या लायसनला पैसे नव्हते, म्हणून मी डेबियन ४ हे लिनक्स टाकलं. ते त्याच एप्रिलमध्ये आलं होतं. दर शनिवारी पहाटेच्या एसटीने जायचं, मुलांना शिकवायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि रात्री परत यायचं. मशिनांना मी आमच्या नद्यांची नावं दिली होती: कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी वगैरे. नावं ठेवण्यात माझे दोन शनिवार गेले. बंद कशी करायची याचा विचार मात्र दोन मिनिटंही केला नाही.

उलट दोन चुका केल्या. गनोमचा डेस्कटॉप १२८ एमबीत रडतखडत चालला असता, म्हणून मी आइसडब्ल्यूएम हा हलका विंडो मॅनेजर बसवला आणि लॉगिनसाठी जुनापुराणा एक्सडीएम ठेवला. एक्सडीएम म्हणजे नाव आणि पासवर्ड विचारणारी एक चौकट. गनोमच्या लॉगिनच्या पडद्यावर "बंद करा" अशी सोय असते, ती इथे नाही. दुसरी चूक डिस्कची. जर्नल ठेवणारी ईएक्सटी-३ ही फाइल सिस्टीम २००१ पासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, होती आणि डेबियन आपणहून तीच देत होतं. पण जुन्या डिस्कवर जर्नल लिहिण्याचा भार कशाला, म्हणून मी हट्टाने ईएक्सटी-२ निवडली. हुशार माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असा, सगळं वाचून-बिचून.

पहिल्याच आठवड्यात एका आठवीतल्या मुलाने पुस्तकात बघून टर्मिनलवर शटडाऊन टाइप केलं. उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. ती कमांड एसबिन नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि साध्या वापरकर्त्यासाठी मशीन तिथे शोधायलाच जात नाही. पोरगं चिकट. त्याने पूर्ण पत्ता टाकला. या वेळी उत्तर आलं: यू मस्ट बी रूट टू डू दॅट. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "सर, रूट म्हणजे मूळ ना? मूळ कसं व्हायचं?"

मी त्याला युनिक्सचा इतिहास सांगितला. बेल लॅब्ज, १९६९, आणि पुढे एका यंत्राला जोडून बसलेली अनेक माणसं. एकाने यंत्र बंद केलं की बाकी सगळ्यांचं काम पाण्यात, म्हणून बंद करण्याचा हक्क फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याला. लिनक्सने तीच रीत उचलली. इतिहास बरोबर होता. पण त्या मुलाच्या समोरच्या मशिनावर तो एकटाच बसला होता आणि प्लगचं बटण त्याच्या गुडघ्याला लागत होतं.

त्या वर्षांत लोडशेडिंगचं वेळापत्रक मुलांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं. यूपीएसही जुनेच मिळाले होते. लाइट गेली की टीं टीं सुरू व्हायचं आणि चार-पाच मिनिटांत सगळं काळं. मुलं बिचारी लॉगआउट करायची. लॉगआउट केलं की एक्सडीएमची चौकट, आणि तिथे रस्ता संपला. मग कुणीतरी मागे वाकून बटण बंद करायचं. लाइट गेली नाही तर साडेपाचला मामा होतेच. शॉर्टसर्किटच्या भीतीने मुख्याध्यापकांनी हुकूम काढला होता की शाळा सुटल्यावर लॅबचा मेन स्विच खाली पाहिजे. मामांना सहाची गाडी पकडायची असायची. वाढवली असोत वा नसोत, पेटीतली दांडी खाली यायची.

सोमवारी ऑफिसात फोन. विज्ञानाचे सर पलीकडून म्हणत, "अरे, तारळी काहीतरी इंग्रजीत लिहून थांबलीय. पासवर्ड दे म्हणते."

तारळीचं म्हणणं असं, की फाइल सिस्टीममध्ये इतका घोळ आहे की तो मला आपोआप निस्तरता येत नाही, रूटचा पासवर्ड दे आणि हाताने दुरुस्त कर. पुढच्या सोमवारी वेण्णा, त्याच्या पुढच्या सोमवारी वेण्णा आणि कृष्णा. शेवटी फोनवरून मी सरांना रूटचा पासवर्ड सांगितला.

त्या शनिवारी लॅबमध्ये शिरलो तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने चौकट आखून तो पासवर्ड लिहिलेला, आणि खाली ठळक अक्षरात: पुसू नये.

आठवडाभर बारा मशिनांवर सगळेच रूट होते. नुकसान तसं कमी झालं. एका मुलीने जागा मोकळी करायची म्हणून एक फोल्डर रिकामं केलं, त्याचं नाव ईटीसी. "एट्सेट्रा म्हणजे इत्यादी ना सर? मला वाटलं, इत्यादीमध्ये फालतू सामान असेल." नावाची व्युत्पत्ती तिने अचूक सांगितली होती. फक्त त्या "इत्यादी"त मशिनाच्या सगळ्या सेटिंग्ज असतात. उरमोडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागली. मी मुलीला काही बोललो नाही, आणि फळा पुसला.

खरा धडा दसऱ्यानंतर मिळाला. नववीतली एक मुलगी निबंध टाइप करत होती, "मी पाहिलेली जत्रा". साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये, इनस्क्रिप्टवर, एकेक अक्षर शोधत. दोन तास लागले. तिने सेव्ह केलं, मला दाखवायला म्हणून उठली, आणि तेवढ्यात कुणीतरी शेजारचं समजून तिच्याच मशिनाचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं तर फाइल नाही. "मी सेव्ह केलं होतं, सर," ती म्हणत राहिली. खरंच केलं होतं.

लिनक्सवर सेव्ह म्हटल्याबरोबर अक्षरं डिस्कवर जात नाहीत. आधी ती मेमरीत ठेवली जातात. डिस्क संथ, तिच्याकडे सारखं धावण्यापेक्षा कर्नल थोडा माल साठवून एकदम पोचवतो. किराणा दुकानदार दिवसभर चिठ्ठ्यांवर लिहून ठेवतो आणि सवडीने खतावणीत चढवतो, तसंच. ही सवड साधारण अर्ध्या मिनिटाची असू शकते. रीतसर शटडाऊन म्हणजे चाललेल्या प्रोग्रॅमना आवरायला सांगणं, सगळ्या चिठ्ठ्या खतावणीत चढवणं, खतावणी मिटणं आणि मग वीज तोडणं. प्लग ओढला की चिठ्ठ्या उडाल्या. ईएक्सटी-३चं जर्नल खतावणी तरी शाबूत ठेवतं. माझ्या ईएक्सटी-२ला तेही नव्हतं.

डिस्क तपासणारा एफएससीके चालवला. त्याला कुठल्याच फोल्डरात न बसणारे तुकडे सापडले की तो ते लॉस्ट-अँड-फाउंड नावाच्या फोल्डरात टाकतो. नाव हरवलेलं असतं, म्हणून नुसता आकडा देतो. तिथे पाच आकडे होते. तिसरा उघडला. "पालखी देवळातून बाहेर आली तेव्हा" इथपासून "खेळण्यांच्या दुकानापाशी माझा हात सुटला" इथपर्यंत. पुढे काही नाही. मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, "पुढचं आठवतंय." शेजारच्या मशिनावर बसून तिने उरलेलं पुन्हा लिहिलं. मी त्या दिवशी बाराही मशिनं ईएक्सटी-३वर नेली. ते काम फार मोठं नसतं, असलेल्या फाइल न हलवता जर्नल जोडता येतं. ते आधीच का केलं नाही, याला उत्तर नव्हतं.

तरी बंद करण्याचा प्रश्न उरलाच. एक जुना उपाय होता की शटडाऊनच्या फाइलीला सेट-यूआयडीचा शिक्का मारायचा, म्हणजे कुणीही चालवली तरी ती रूटच्या नावाने चालते. मला तो पटला नाही. एका प्रोग्रॅमला असा शिक्का मारला की त्यातली प्रत्येक फट रूटपर्यंत जाणारी वाट होते. मी सुडो निवडलं, ठरवून दिलेल्या माणसाला ठरवून दिलेली कमांड रूटच्या नावाने चालवू देणारा प्रोग्रॅम. सुडोच्या नियमांच्या फाइलीत एक ओळ: विद्यार्थी या गटाला, पासवर्ड न विचारता, फक्त "शटडाऊन, थांब, आत्ता" एवढीच कमांड चालवायची मुभा. सोबतचे शब्दही जसेच्या तसे लिहिले की सुडो तेवढंच चालू देतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर नाही. ही फाइल साध्या एडिटरने उघडू नये, व्हिसुडोने उघडावी. फाइल मिटताना ते चूक तपासतं. चुकलेल्या फाइलीवर सुडो कामच करायला नकार देतं, आणि मग चूक दुरुस्त करायची ती कशाने? मेनूत मी "बंद करा" अशी ओळ टाकली. मामांनी स्वतः ती दाबून पाहिली. "वाढलं," म्हणाले.

तीन आठवडे सुखाचे गेले. चौथ्या शनिवारी, शिकवत असताना, कोयना एकाएकी बंद पडली. चालू केली, पाच मिनिटांनी पुन्हा बंद. मागच्या रांगेत खसखस. "सर, कोयना बंद पडली, आता सगळ्या महाराष्ट्राची लाइट जाणार!"

गुन्हेगार तोच, मूळ होऊ पाहणारा. मी एका जागी बसून एसएसएचने बाराही मशिनांत कसा शिरतो हे त्याने बघून ठेवलं होतं. विद्यार्थी हे खातं सगळ्या मशिनांवर एकच, पासवर्ड एकच. उरमोडीवर बसून तो कोयनेत शिरला आणि मी दिलेली कमांड चालवली. नियमाप्रमाणे त्याला ती मुभा होतीच. मी रागावलो, पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मुलाने माझ्या नियमातलं भोक दाखवलं होतं. नियमात मी लिहिलं होतं "विद्यार्थी". मला म्हणायचं होतं "समोर बसलेला". ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुडो माणसाचं नाव ओळखतं, तो कुठे बसलाय हे त्याला कळत नाही.

अशा वेळी पोराला नावं ठेवायला मी मोकळा नव्हतो, कारण त्याच हिवाळ्यात मी स्वतः तेच केलं. शुक्रवारची संध्याकाळ, पुण्यातलं ऑफिस. घरी निघायचं म्हणून समोरच्या खिडकीत शटडाऊन टाइप केलं. खिडकी माझ्या मशिनाची नव्हती. ती मुंबईत ठेवलेल्या, एका ग्राहकाच्या सर्व्हरची होती. कनेक्शन तुटल्याची ओळ उमटली आणि माझ्या पोटात गोळा आला. बंद झालेल्या त्या यंत्राला लांबून चालू करायची सोय नव्हती, तिथे माणूसच लागणार होता. रात्री नऊला तो माणूस पोचला. माझ्याकडे अधिकार होता, पासवर्ड होता, सात वर्षांचा अनुभव होता. फक्त मी त्या मशिनासमोर नव्हतो.

सोमवारी मी सगळ्या सर्व्हरवर मॉली-गार्ड बसवलं. एसएसएचने आत शिरलेल्या माणसाने शटडाऊन म्हटलं की ते आधी विचारतं, या मशिनाचं नाव काय? नाव चुकलं तर बंद करत नाही. मॉली ही एका प्रोग्रॅमरची लहानगी मुलगी. आयबीएम ४३४१ या यंत्राचा मोठा लाल स्विच तिने एकाच दिवसात दोनदा दाबला, तेव्हा त्यावर पारदर्शक झाकण बसवलं गेलं. त्या झाकणाला तिचं नाव पडलं आणि पुढे या प्रोग्रॅमलाही. दोनदा म्हणजे आमच्या कोयनेइतकंच.

शाळेत मी विद्यार्थी खात्याला एसएसएचची बंदी केली. पण मनासारखा उपाय मशिनाच्या तोंडावरच होता. पुढचं गोल बटण. एसीपीआय नावाची व्यवस्था चालू असेल तर ते बटण वीज तोडत नाही, कर्नलला निरोप देतं. एसीपीआयडी नावाचा पहारेकरी तो निरोप ऐकतो आणि रूटच्या वतीने रीतसर शटडाऊन करतो. नाव नको, पासवर्ड नको. लागतं ते फक्त बोट, आणि बोट मशिनापाशीच असावं लागतं. लांबून दाबता येत नाही.

मशिनं मात्र ऐकेनात. चालू होताना कर्नल सांगत होता की तुमचं बायोस फार जुन्या सालचं आहे, म्हणून मी एसीपीआय बंद ठेवलंय, हवंच असेल तर जबरदस्ती करा. केली. बूटच्या ओळीत तसं लिहावं लागतं. नऊ मशिनं वठणीवर आली. उरलेल्या तिघींसाठी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. इनिटटॅब नावाच्या फाइलीत त्या तीन बटणांचा अर्थ "पुन्हा चालू कर" असा असतो, तो बदलून "थांब" केला. आधी काळ्या पडद्यावर जावं लागायचं, कारण चित्रांच्या पडद्यावर ही बटणं कर्नलपर्यंत पोचतच नाहीत. मुलांना ती कसरत फार आवडली. कृष्णेवर बसायला भांडणं होऊ लागली.

गोल बटणालाही एक खोड आहे. चारेक सेकंद दाबून धरलं की ते निरोप वगैरे न देता थेट वीज तोडतं. ते हार्डवेअरमध्येच आहे, लिनक्सचा त्यात हात नाही. मुलं जोर लावून दाबायची, दिवा जाईपर्यंत सोडायची नाहीत. मी दोनदा तक्ता काढून समजावलं. मामांनी एका वाक्यात काम केलं. "पाहुण्याच्या दारची बेल वाजवतो तशी वाजवायची. एकदा. मग उभं राहायचं."

तरी सेव्ह न केलेला मजकूर या बटणाने वाचत नाही, हे सांगायला हवं. आमच्या त्या साध्या रचनेत बटण दाबलं की उघडे प्रोग्रॅम सरळ मिटायचे. आधी सेव्ह, मग बेल, हा क्रम मुलांकडून घोकून घेतला. मेन स्विचची वेळही बदलून घेतली. मुख्याध्यापक म्हणाले, "तुझ्या मशिनासाठी मामांची गाडी चुकवायची का?" मामा म्हणाले, "पाच मिनिटं आधी घंटा देतो." ती घंटा शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती. त्या वर्षी मार्चपर्यंत सोमवारचा फोन एकदाच आला, आणि तोही माउस चोरीला गेल्याचा.

पुढे मशीन चालू-बंद करण्याचा कारभार हाती घेणारं सिस्टिमडी आलं. २०१५ च्या एप्रिलमधलं डेबियन ८ आपणहून तेच घेऊन आलं. त्यावरून आमच्या धंद्यात भावकीसारखी भांडणं झाली. मीही बरीच कुरकूर केली, काही अजून करतो. पण त्यातला लॉगिनडी हा भाग मी न भांडता मान्य केला. तो विचारतो, हा माणूस यंत्राच्या समोर, चालू पडद्यावर बसलाय का? त्यासाठी त्यांनी शब्दच "सीट" असा घेतलाय. बसला असेल तर बंद करायला पासवर्ड नाही. एसएसएचने लांबून आला असेल तर कारभाऱ्याचा पासवर्ड. समोरच बसलाय, पण दुसऱ्या कुणाचं काम त्याच मशिनावर उघडं आहे, तरी पासवर्ड. म्हणजे बेल लॅब्जमधली जुनी काळजी आणि आमच्या लॅबमधली नवी, दोन्ही एका नियमात बसल्या. माझी सुडोची ओळ, एसएसएचची बंदी, इनिटटॅबची कसरत, काही लागत नाही. चटकन बंद न होणारी एखादी सेवा दीड मिनिट ताटकळत ठेवते आणि तेवढ्यात लोक कंटाळून बटण धरून ठेवतात, ही तक्रार आहे. ती मी ऐकून घेतो.

ज्यांच्या हाताशी प्लग आहे त्यांना परवानगी नाकारून मी काय राखत होतो, हे आता मला नीटसं सांगताही येत नाही. बंद तर ते करतच होते. घरात आईवडिलांना, वाचनालयात किंवा शाळेत कुणाला लिनक्सचं मशीन लावून दिलं असेल, तर एवढं करा: त्यांच्या खात्यावर, त्यांच्या खुर्चीत बसून ते एकदा बंद करून बघा. पासवर्ड विचारला, तर तो त्यांना देऊ नका. विचारणं बंद करा.

मामा निवृत्त झाले. लॅबमधली मशिनं दोनदा बदलली, नद्यांची नावं तेवढी चालू आहेत. मेन स्विचच्या पेटीवर मामांच्या हस्ताक्षरातली पट्टी अजून आहे, वरून प्लास्टिक चिकटवलेली: "बेल एकदा वाजवणे. हिरवा दिवा गेल्याशिवाय दांडी खाली करू नये." नव्या मशिनांचा दिवा पांढरा आहे. पट्टी कुणी बदललेली नाही.